उद्या पाणी नाही, पिंपं भरून ठेवा

बुधवारी संध्याकाळी पुण्यातल्या असंख्य फोनांवर एकच निरोप फिरू लागतो : उद्या पाणी नाही. जलवाहिन्यांची देखभाल-दुरुस्ती महापालिका बहुतेक वेळा गुरुवारी काढते. त्या दिवशी बऱ्याच भागांत नळ कोरडे राहतात आणि शुक्रवारी सकाळी पाणी येतं ते उशिरा, कमी दाबानं. बातमी पेपरात आलेली असते, तरी पिंपं भरली जातात ती मैत्रिणीनं कळवल्यावरच.

कोथरूडपासून धायरीपर्यंत विखुरलेल्या पाच मैत्रिणींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सगळ्या साठीच्या आगेमागे. नावं छापायची नाहीत या अटीवर त्यांनी आपली एका बुधवारची संध्याकाळ मला वाचायला दिली. पाण्याच्या निरोपाखाली पहिला प्रश्न आला, मग धुणं आजच लावू का? दुसरीनं कळवलं, सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं सोमवारी ठरलं. डबा नको, पण दुपारी दोन तास घरी कुणी बसेल का? तिसरीच्या मुलीला डब्लिनमध्ये भाड्याचं घर मिळालं होतं, स्वयंपाकघराचा फोटो आला, त्यावर ‘ओटा बुटका वाटतोय’ हा शेरा लगेच पडला. चौथीला चकलीची भाजणी दळायची होती आणि तिच्या गिरणीवाल्यानं भाजणीची वेळ बदलली होती. पाचवीनं काहीच लिहिलं नाही, नुसता अंगठा दाखवला. दहा मिनिटांनी फोन करून सोमवारची दुपार तिनं अंगावर घेतली. तासाभरात पाच घरांचे पुढचे पाच दिवस मार्गी लागले.

वरवर पाहिलं तर यात कुणी मनातलं बोललेलं नाही. पुण्यातली मैत्री बहुधा अशीच चालते. तिला काहीतरी काम लागतं. ‘ये गं सहज’ असं बोलावलं तर ‘काही विशेष?’ असा उलट प्रश्न येतो. पाणी, भाजी, भिशी, फिरायला जाणं, भजनी मंडळ, असं काही हाताशी असलं की मग सासऱ्यांच्या डोळ्याचाही विषय निघतो आणि मुलीच्या घराचाही. कामाच्या आडोशानं घरची खबरबात सांगायची, हा या शहराचा जुना शिरस्ता आहे. त्या खबरबातीतून कितीतरी गोष्टी उभ्या राहतात : कर्ज, आजारपणाची सोबत, नोकरी, क्वचित एखादी संघटनासुद्धा. त्यांची नोंद मात्र कुठल्या दप्तरात सापडत नाही.

हौदाचा काठ

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या आसपास, कात्रजच्या तलावांचं पाणी शहरात आणलं गेलं. जमिनीखालचा बांधीव नळ, हवा खेळती राहावी म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास, आणि सगळा भरवसा नैसर्गिक उतारावर. हे पाणी शनिवारवाड्यात जाई आणि पेठांमधल्या हौदांतही पडे. बरेचसे हौद पुढे बुजले, पत्त्यांत मात्र राहिले. फडके हौद, साततोटी हौद, बदामी हौद म्हटलं की जुन्या गावातला रिक्षावाला पुढचं विचारत नाही.

पाणी भरणं हे बहुतेक घरांत बायकांचं काम होतं, आणि घराबाहेर पडायला सासुरवाशिणीला यापेक्षा निर्धोक सबब नव्हती. घागर भरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात काय काय सांगून होतं, हे ज्यांनी गावच्या विहिरीवर पाणी भरलं आहे त्यांना सांगायला नको. कोण बाळंतीण झाली, कुणाकडे माहेरचं माणूस आलंय, कुठल्या वैद्याच्या औषधानं खोकला गेला. पाण्याला जायचं म्हणजे डोक्यावर घागर आणि पदरात दोन बातम्या घेऊन परतायचं.

मात्र हा काठ सगळ्यांना मोकळा नव्हता. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुला केला, ही घटना शाळेच्या पुस्तकात पाण्याच्या हक्काची म्हणून येते, आणि ती तशी आहेच. तिची आणखी एक बाजू आहे. ज्या बाईला हौदाजवळ उभं राहायची मुभा नाही, तिला तिथल्या बातमीतही वाटा नाही. कुठे काम मिळेल, कुठल्या आळीत साथ पसरली आहे, धान्य कुठे स्वस्त आहे, हे सगळं काठावर बोललं जातं आणि काठावरच राहतं. पाण्याबरोबर शेजारही नाकारला जात होता.

खडकवासल्याचं धरण १८७९ च्या सुमाराला पुरं झालं, नळाचं पाणी हळूहळू पेठांत आलं आणि गप्पांचा मुक्काम वाड्याच्या चौकातल्या नळावर हलला.

दुर्गी, मावशी आणि शनिवारची सभा

घरच्या गोष्टी मैत्रिणीला सांगणं आणि त्या चारचौघांत छापून येणं, यांत मोठं अंतर होतं. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी क्रमशः आली. यमूनं स्वतः सांगितलेली ही तिची कहाणी. तिची बालमैत्रीण दुर्गी. दोघींची लग्नं लहानपणीच झालेली; दोघींच्या वाट्याला आलेली सासरं आणि नवरे अगदी वेगळे. माहेरी गाठ पडली की एकमेकींना सांगायचं, यापलीकडे त्यांच्यापाशी उपाय नव्हता. आपट्यांनी तेच बोलणं गंभीर साहित्याचा ऐवज मानलं. काशीबाई कानिटकर त्यांच्या स्नेही आणि लेखनातल्या सहप्रवासी होत्या. बायकांच्या जगाची माहिती अशा मैत्रीतून पुरुष लेखकापर्यंत पोचत असणार, असं मानायला जागा आहे.

त्याच काशीबाईंनी १८८९ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांचं चरित्र लिहिलं. आनंदीबाईंच्या आयुष्यात तर एक मैत्री समुद्रापलीकडची होती. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार १८८० साली सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. सणवार, चालीरीती, पेहराव, तब्येतीच्या कुरबुरी, घरात काय घडतंय, असा हा व्यवहार तीनेक वर्षं चालला. १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा दोघींनी एकमेकींना पहिल्यांदा पाहिलं. घरच्या साध्यासुध्या हकिकतींनी एवढा विश्वास बांधला होता की अठरा वर्षांची एक मुलगी त्या भरवशावर परक्या देशात राहायला गेली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाई गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरमावशींकडे पाठवण्यात आल्या आणि त्यांच्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या.

पुण्यात पंडिता रमाबाईंनी १८८२ साली आर्य महिला समाज सुरू केला, तेव्हा शनिवारच्या सभेला जाणं हीच मुळात घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना थेरं वाटत. रमाबाई रानड्यांच्या १९१० सालच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ वाचताना हे फार नीट कळतं. नवरा शिकवतोय आणि घरातल्या बायका अबोला धरताहेत, अशा कात्रीत त्यांनी वर्षं काढली. पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं, घरचं आटोपून येणाऱ्या बायकांसाठी तिथे वर्ग चालू लागले. शिकायला म्हणून घराबाहेर पडता येऊ लागलं, आणि शिकायला जाताना बरोबर चालणारी कुणीतरी भेटू लागली. हौदाला एक चांगला पर्याय सापडला होता.

करंज्यांचा दिवस

वाडा या विषयावर पुणेकर लगेच हळवा होतो. वाड्यात शौचकूप सामायिक होतं, भिंती पातळ होत्या आणि कुणाच्या घरी काय शिजलं, कोण कुणावर ओरडलं, हे सगळ्या चौकाला ठाऊक असे. तिथे शेजारीण आपसूक मिळायची. मैत्रीण निवडावी लागते, आणि तेवढी मोकळीक वाड्यात प्रत्येकीला नव्हती. ज्या सुनेला मन मोकळं करायचं असे तिला वाड्याबाहेरचं माणूस गाठावं लागे. आत बोललेलं संध्याकाळपर्यंत सासूच्या कानावर जाई.

तरीही वाड्यानं एक गोष्ट शिकवली : काम वाटून घेणं. दिवाळीच्या तोंडावरचा करंज्यांचा दिवस घ्या. करंजी एकटीनं करायचा पदार्थ नव्हेच. रवा-मैद्याचा घट्ट भिजवलेला गोळा कुटून मऊ करायचा, त्याच्या लाट्या ओल्या फडक्याखाली झाकायच्या. पारी लाटून झाली की ती वाळायच्या आत सारण भरून, कडेला दुधाचं बोट फिरवून मिटली पाहिजे. नाहीतर तळताना तोंड उघडतं आणि सारण तेलात उतरून सगळा घाणा काळा होतो. म्हणून एक लाटणारी, एक भरणारी, एक कातण्यानं कड कापणारी, आणि सर्वांत मुरलेली असेल ती तळणीपाशी. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे. पोळपाट-लाटणं आपापलं न्यायचं. चार तास हात गुंतलेले आणि तोंडं मोकळी. ज्यांची लग्नं ठरायची होती त्यांची अर्धी बोलणी या कोंडाळ्यात होत. मुलगी हाताला कशी आहे, हे तिच्या करंजीच्या मुरडीवरून पाहिलं जाई, आणि मुलाकडच्यांचा स्वभाव कसा आहे, हे तळणाऱ्या काकूंना नक्की ठाऊक असे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं. नदीकाठच्या पेठांतले वाडे कोसळले, संसार वाहून गेले. पूरग्रस्त कुटुंबं गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहतींत विखुरली. गावातल्या गावात माणसं लांब गेली. एकमेकींकडे जायला आता बस लागू लागली. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत उरलेले वाडेही पाडून इमारती झाल्या. नळ थेट ओट्यापाशी आला, गॅस आला, मिक्सर आला. घरकाम हलकं झालं, आणि त्याच्याबरोबर घराबाहेर पडायच्या निम्म्या सबबी गेल्या.

बारा चिठ्ठ्या

मग भिशी वाढली. वर सांगितलेल्या पाच जणी ज्या भिशीत आहेत तिच्यात एकूण बारा जणी आहेत. १९९४ साली महिना शंभर रुपयांनी सुरुवात झाली, आता प्रत्येकी दोन हजार. म्हणजे दर महिन्याला चोवीस हजार जमतात आणि ते एकीला मिळतात. स्टीलच्या डब्यात नावांच्या चिठ्ठ्या, उचलायला घरातलं सर्वांत लहान मूल. मूल नसेल तर दारात आलेला कुरिअरवालासुद्धा चालतो. ज्या नावाची चिठ्ठी निघाली ते नाव वर्षभरासाठी बाद. हप्ता मात्र शेवटपर्यंत.

हिशेब साधा दिसतो, पण त्यात खुबी आहे. जिला पहिला नंबर लागला तिला बिनव्याजी कर्ज मिळालं, जिला शेवटचा लागला तिची वर्षाची बचत झाली, आणि मधल्या सगळ्या थोड्या ऋणको, थोड्या धनको. बँकेत यासाठी दोन वेगवेगळी खाती लागली असती. शिवाय इथे एक सोय अशी आहे जी कुठल्याच बँकेत नाही : नंबर सोडणं. जूनमध्ये कुणाच्या मुलाची फी असेल, नवऱ्याचं ऑपरेशन निघालं असेल, तर त्या महिन्यात चिठ्ठी जिची निघाली ती म्हणते, तू घे, मला नंतर चालेल. हे म्हणता यावं म्हणून आधी तिची अडचण माहीत असावी लागते, आणि अडचण कळते ती खाण्याच्या बशा हातात असताना. ‘मला पैसे हवेत’ असं कुणी म्हणत नाही. ‘यांचं काही खरं नाही, कंपनीत गडबड चाललीय’ एवढं म्हटलं की पुरतं.

या भिशीचे नियम तोंडी आहेत, पण पक्के. गैरहजेरी चालेल, हप्ता चुकलेला चालणार नाही. खायला दोनच पदार्थ, त्यातला एक विकतचा असला तरी चालेल. हा नियम का करावा लागला? ‘एकीनं सात पदार्थ केले,’ भिशीतल्या सर्वांत ज्येष्ठ बाई सांगतात, ‘पुढच्या महिन्यात दुसरीनं नऊ. तिसरीच्या पोटात गोळा आला, तिची कामवाली नव्हती. म्हटलं, बाई गं, आपण पैसे गोळा करायला जमतो की अन्नकोट करायला?’

भिशीची दुसरी बाजूही पुण्याला चांगली माहीत आहे. एखादा ‘चालक’ लिलावाची भिशी चालवतो, जास्त परतावा कबूल करतो आणि एके दिवशी दुकानाला कुलूप दिसतं. चिट फंडांसाठी १९८२ चा केंद्रीय कायदा आहे, नोंदणीची तरतूद आहे. बारा मैत्रिणींच्या डब्यापर्यंत तो कायदा सहसा येत नाही आणि त्यांना त्याची गरजही भासलेली नाही. त्यांचा हमीदार म्हणजे एकमेकींच्या घरची माहिती. ती माहिती संपते तिथून भिशी धोक्याची होते.

पुरुष काय बोलतात

पुरुषांचे कट्टे जास्त दिसतात, कारण ते रस्त्यावर असतात. १९३५ पासूनचं डेक्कनवरचं गुडलक, फर्ग्युसन रस्त्यावरची वैशाली, पर्वतीच्या १०३ पायऱ्या, तळजाई, हनुमान टेकडी. पहाटे साडेपाचला टेकडीवर जाणाऱ्यांचे गट वर्षानुवर्षं टिकतात. एखादा गेला तर त्याच्या बसायच्या दगडावर महिनाभर कुणी बसत नाही. हे सगळे राजकारणावर बोलतात, असा त्यांचा स्वतःचा समज आहे.

तळजाईवर नेहमी येणाऱ्या निवृत्त मंडळींचं बोलणं मी लक्ष देऊन ऐकलं. दिल्लीचं सरकार पहिल्या दहा मिनिटांत निकालात निघालं. त्यानंतर निघाला गीझर. कुणाचा गीझर गळतो, दुरुस्तीवाला कुणाचा चांगला, त्यानं किती घेतले. मग सुनेची बदली, नातवाला पाळणाघरातून आणायची पाळी, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचा नोव्हेंबर. एकानं मान्य केलं, ‘बायको गेल्यावर कुकरला शिट्ट्या किती, हे मला इथे कळलं. घरी विचारणार कुणाला?’ बाकीचे हसले नाहीत. एकानं सांगितलं, वरणाला चार कर, भाताला तीन. मग पुन्हा दिल्ली.

विठ्ठल काटे यांच्या नवचैतन्य हास्ययोग परिवारासारख्या चळवळीनं पुण्याच्या बागाबागांत शाखा उभ्या केल्या. तिथे व्यायाम आणि हसणं हे निमित्त. शाखा सुटल्यावर जी अर्धी तुकडी बागेच्या फाटकाशी रेंगाळते, ती का रेंगाळते, हे पाहिलं तर त्या शाखांचं यश समजतं. पुरुषांना घरची गोष्ट सांगायला सबब जरा जास्तच भक्कम लागते, एवढाच फरक.

दोन घरांमधला अर्धा तास

ज्यांच्यामुळे या सगळ्या मैत्रिणींना भेटायला वेळ मिळतो, त्यांच्या गप्पांतून तर पुण्यात इतिहास घडला आहे. १९८० साली शहरातल्या मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला. एका दांडीवरून काम जातं, आजारी पडलं तरी पगार कापला जातो, ही प्रत्येकीची घरातली तक्रार होती. एका घरचं काम उरकून दुसऱ्या घरी जाताना त्या एकमेकींना गाठत आणि तेच ते सांगत. तेच ते पुष्कळ जणींनी सांगितलं तेव्हा ते एकीचं नशीब उरलं नाही. पगारवाढ आणि रजेच्या मागण्या पुढे आल्या आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. कारखान्यातल्या कामगाराला एक फाटक असतं, एक पाळी असते. धुणंभांडी करणाऱ्या बाईचे मालक पाच आणि स्वयंपाकघरंही पाच. तिला कामगार म्हणून एकत्र यायला रस्त्याशिवाय जागाच नव्हती. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. त्याआधीची अठ्ठावीस वर्षं त्या रस्त्यावरच्या बोलण्यावर निघाली.

मालकिणींच्या ग्रुपवर ‘तुमच्या मावशी किती घेतात?’ हा प्रश्न नेहमीचा. सगळ्यांनी मिळून दर ठरवले की त्याला व्यवहार म्हणतात. दुसऱ्या बाजूनं त्याच दरांची चौकशी झाली की ‘आजकाल यांचीही युनियन झालीय’ असं म्हणतात.

पत्रात जे मावलं नाही

घरच्या गप्पांना क्षुल्लक समजणाऱ्यांनी १९८२ सालचं पुणे आठवावं. बीडहून लग्न होऊन आलेल्या मंजुश्री सारडा या तरुणीचा जूनमध्ये, लग्नाला चारच महिने झालेले असताना, पुण्यात मृत्यू झाला. खटल्यात तिनं आपल्या बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं पुराव्यात आली. सत्र न्यायालयानं आणि उच्च न्यायालयानं पतीला दोषी धरलं. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांची निर्दोष मुक्तता केली. परिस्थितिजन्य पुरावा कधी पुरेसा मानावा, याच्या कसोट्या सांगताना या निकालाचा दाखला आजही दिला जातो. कायद्याचे विद्यार्थी तो वाचतात, तेव्हा मैत्रिणीला लिहिलेलं घरगुती पत्र न्यायमूर्ती ओळीओळीनं तपासताना दिसतात.

त्या काळात पुण्यात नारी समता मंच उभा राहत होता. ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगावी नेलं गेलं आणि ते पाहायला आलेल्या बायका स्वतःबद्दल सांगू लागल्या. विद्या बाळ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या केंद्राचं नाव होतं ‘बोलते व्हा’. विद्याताई ‘स्त्री’ मासिकातून आलेल्या. १९८९ साली त्यांनी पुण्यातून ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं. त्यांचं म्हणणं साधं होतं : घरात घडतं ते खासगी म्हणून दाबून ठेवायचं नाही, ते बोललं पाहिजे आणि ऐकणारं कुणी असलं पाहिजे.

इथे मैत्रीच्या गप्पांची मर्यादाही दिसते. ‘सगळं ठीक’ म्हणायची सवय फार खोल असते. फराळाचे फोटो येतात, वाढदिवसाचे येतात, आणि ज्या घरात काही बिनसलं आहे तिथूनही ते येतात. भिशीतल्या त्या ज्येष्ठ बाई म्हणाल्या, ‘जी रोज बडबडते तिची काळजी नसते. जी नुसते अंगठे दाखवायला लागते, तिच्याकडे मी उगाचच डबा घेऊन जाते.’

नऊच्या आत

आता या सगळ्याला फोनचा खांदा मिळाला आहे. हिंजवडी, वाकड, खराडीकडे लातूर, नांदेड, जळगावहून आलेली तरुण कुटुंबं राहतात. त्यांच्या वाट्याला वाडाही आला नाही आणि शेजारीणही. तिथे सोसायटीचा एक अधिकृत ग्रुप असतो, ज्यावर टँकर, पार्किंग आणि कुत्री यांवर भांडणं होतात. आणि त्यातूनच चार-पाच जणींचा दुसरा, छोटा ग्रुप निघतो, ज्यावर बाळाचा ताप, पोळ्यावाल्या काकूंचा नंबर आणि सासूबाई किती दिवस राहणार आहेत, हे कळतं. पहिला ग्रुप कामाचा आणि दुसरा गप्पांचा, असं नाव असतं. रात्री दोन वाजता बाळाला दवाखान्यात न्यायची वेळ आली की उपयोगी पडतो तो दुसरा.

ज्येष्ठांच्या सकाळच्या फुलाफुलांच्या ‘शुभ प्रभात’ची टिंगल सगळेच करतात. कर्वेनगरातल्या सहा एकट्या राहणाऱ्या बायकांनी तिचा वेगळाच उपयोग काढला आहे. मुलं परदेशात, दारं आतून बंद. नऊच्या आत प्रत्येकीचं फूल आलं पाहिजे. आलं नाही तर शेजारच्या इमारतीतली फोन करते, फोन उचलला नाही तर जिच्याकडे दुसरी किल्ली आहे ती जाते. कुणाची किल्ली कुणाकडे, हे ठरवायला त्यांना एक अख्खी कोजागिरी लागली, कारण त्याआधी कुणाचा कुणावर किती विश्वास आहे, ते बोलावं लागलं. एकदा न्हाणीघरात पडलेल्या एका आजींना यामुळे वेळेत दवाखान्यात नेता आलं. परदेशातल्या मुलाला बातमी नंतर कळली, मैत्रिणीकडूनच.

फोन निरोप पोचवतो. सोमवारची दुपार अंगावर घ्यायला मात्र माणूस लागतं. आणि माणसाला भेटायला जागा लागते. याबाबतीत आजचं पुणे कंजूष होत चाललं आहे. फुकट बसता येईल अशा जागा कमी झाल्या. पदपथ अरुंद झाले, इमारतींना ओटे राहिले नाहीत, बागांच्या वेळा ठरल्या, आणि बाकीच्या ठिकाणी बसायचं तर कॉफीचे दोनशे रुपये मोजावे लागतात. मध्यमवर्गीय मैत्रिणी ते मोजतात. सर्वांत जास्त अडचण होते ती दोन घरांच्या मधल्या अर्ध्या तासात टेकायला जागा शोधणाऱ्या कामवाल्यांची. कित्येक सोसायट्यांच्या बागेत त्यांना बसायची परवानगी नाही. त्या फाटकाबाहेर, पार्क केलेल्या गाड्यांच्या सावलीला बसून डबा खातात आणि तिथेच उद्याचं ठरवतात : कुणाची पोरगी आजारी आहे, कुणाचं काम कोण करील.

सोसायटीच्या येत्या सभेत विषयपत्रिकेवर एक ओळ घालता येईल. फाटकाच्या आत, झाडाखाली, सर्वांसाठी एक बाक. बाकाला फारसा खर्च येत नाही. ‘सर्वांसाठी’ या शब्दावर मतदान घ्यावं लागेल, तेवढी तयारी ठेवा.